नवी गाडी, कुंभार्ली घाट आणि मागचा बाक

कराडहून कोकणात उतरायचे तर कुंभार्ली घाटाची वाट आम्हा लोकांच्या पायाखालची. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम मागे टाकला की रस्ता कोयनेचे खोरे धरून पश्चिमेला निघतो. मल्हारपेठ झाली, पाटण झाले की उसाचे फड विरळ होतात, भाताची खाचरे लागतात आणि दोन्ही अंगांचे डोंगर जवळ सरकू लागतात. हेळवाक-कोयनानगरच्या टापूत शिवसागराचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप अनुभवलेली म्हातारी माणसे या भागात अजून त्याची गोष्ट सांगतात. पुढे घाट उतरला की पोफळी. धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने इकडे येते, वीज करते आणि वाशिष्ठीला जाऊन मिळते.

ही वाट आम्ही आजवर यष्टीने केली होती. या मे महिन्यात मात्र स्वतःच्या गाडीने केली, आणि गाडीतल्या सातही जागा भरून केली. कोकण तर पाहिलेच, पण त्याहून जास्त आमची गाडी पाहिली. आपल्याकडे आता बऱ्याच घरी अशी मोठी गाडी घेण्याचा विचार चालू असतो, म्हणून हे सविस्तर लिहितो.

खेड्यातल्या घराला चार माणसांची गाडी पुरत नाही. आई-वडील, भाऊ-भावजया, मुले असा कुटुंबकबिला असतो. पूर्वी लग्नाला, जत्रेला मॅटॅडोर ठरवायची. १९८४ साली मारुतीची व्हॅन निघाली, तिलाच पुढे ओम्नी म्हणू लागले. २०१९ साली ती बनायची थांबली, पण दरम्यान तिच्यासारख्या नि तिच्याहून मोठ्या सात जणांच्या किती तरी गाड्या आल्या. आमची गाडी कोणत्या कंपनीची ते इथे लिहीत नाही. वाटेत भेटलेल्या निरनिराळ्या गाड्यांच्या मालकांनी थोड्याफार फरकाने तीच गाऱ्हाणी सांगितली, तेव्हा एकाच नावावर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

गाडी घेतली ती मुख्यतः आईसाठी. तिचे गुडघे गेलेले. यष्टीची पायरी तिला चढवत नाही, आणि महिन्यातून दोनदा तरी कराडला डॉक्टरांकडे न्यावे लागते. उसाच्या बिलातून काही रक्कम भरली, बाकी बँकेचे पाच वर्षांचे कर्ज. म्हणजे ही गाडी पाच वर्षे आमच्या घरात एका खाणाऱ्या तोंडासारखी राहणार. तिच्याकडून कामाची अपेक्षा धरणे वावगे नाही.

वहीची कल्पना

पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी मागून काही तरी खडखडते, असे आम्ही शोरूमवाल्यांना सांगितले होते. तिथला माणूस म्हणाला, "नवी गाडी आहे, बसेल हळूहळू. नक्की कुठं वाजतंय ते बघून सांगा." ही गोष्ट सौ.ने मनावर घेतली. प्रवासाला निघताना तिने मुलाच्या शाळेची एक कोरी वही पिशवीत टाकली. तारीख, किती किलोमीटर झाले तो आकडा, रस्ता कसा होता, गाडीत किती माणसे होती आणि काय झाले, असे पाच रकाने आखले. दुधाच्या डेअरीचा हिशेब ती असाच ठेवते.

म्हशींच्या धारा चुलत्यांकडे सोपवून आम्ही पहाटे निघालो. धाकटा भाऊ गाडी चालवायला, शेजारी मी. मधल्या बाकावर आई आणि दोन्ही मुले. अगदी मागे सौ. आणि भावजय. सामान मागे मावेना. सात माणसे बसली की या गाड्यांत मागे एक-दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते, हे शोरूममध्ये लक्षात येत नाही, कारण तिथे मागचा बाक दुमडून ठेवलेला असतो. शेवटी वळकट्या नि शिदोरीचा डबा टपावरच्या कॅरिअरवर बांधला.

ऊन चढल्यावर पाटणच्या पुढे एसी लावला. पुढे आम्हाला गारवा वाटू लागला. थोड्या वेळाने आई म्हणाली, "आरं, गार वारं तुमच्या तोंडावर. आमच्याकडं नुसता त्याचा आवाज येतोय." मागच्या दोघी तर घामाने डबडबल्या होत्या. मागच्या बाकाला स्वतंत्र झरोका नव्हता, खिडकीची काचही पुरती उघडत नव्हती. त्यात हा बाक मागच्या चाकांच्या वर, त्यामुळे प्रत्येक खड्डा आधी तिथे कळतो. भावजयीला हेळवाकच्या अलीकडेच गाडी लागली. वहीत पहिल्या दिवशी चार ओळी भरल्या, त्यातल्या तीन मागच्या बाकाच्या होत्या.

घाटातली गोष्ट

घाट उतरताना भाऊ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून चालला होता. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, नुसत्या ब्रेकवर भरली गाडी सोडू नये, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते खरेच आहे. एका वळणावर खालून यष्टी आली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची म्हणून भावाने ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी आई बसली होती त्या जागेची पाठ पुढे कलंडली. आई पुढे ढकलली गेली. तिला पट्टा लावलेला होता म्हणून ती पुढच्या खुर्चीवर आदळली नाही. मागून भावजयीने पाठ धरून ठेवली.

रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. मागच्या बाकावर जायचे तर मधल्या बाकाचा डावा भाग दुमडावा लागतो. परत लावताना "खट्" आवाज होतो, म्हणजे तो अडकला असे आपण समजतो. पण आवाज होऊनही हूक पुरता बसत नव्हता. इतके दिवस जे खडखडत होते ते हेच. आईला पुढे घेतले, मी मधल्या बाकावर गेलो आणि ती पाठ हाताने धरून आम्ही सावकाश चिपळूण गाठले.

चिपळूणला एका जाणत्या फिटरने बॅटरी मारून पाहिले. हुकाची पट्टी मुळातच तिरकी बसलेली होती. ठोकून सरळ कर म्हटले तर तो नाही म्हणाला. "दादा, वॉरंटीतली गाडी आहे. मी हात लावला तर ते म्हणतील, बाहेर उघडली. फोटो काढून ठेवा आणि कंपनीच्या सेंटरला न्या." त्याने पैसे घेतले नाहीत. असा प्रामाणिक माणूस भेटणे हेही प्रवासाचे सुख आहे.

सेंटरवर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली, म्हणून मुक्काम चिपळुणातच केला. लॉजच्या मालकांनी भिंतीवरची पुराची खूण दाखवली. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी गावात घुसले होते. त्यांचीही अशीच मोठी गाडी पाण्यात बुडाली होती. ते म्हणाले, "पाण्यातून काढलेली गाडी चावी फिरवून सुरू करायची नाही. ओढूनच न्यायची." इंजिनात पाणी असताना गाडी सुरू केली तर आतले भाग मोडतात, आणि ते नुकसान विमा कंपनी नाकारू शकते. नदीकाठच्या आपल्या गावांनी हे ध्यानात ठेवावे. जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे म्हणून घेताना ती पुरात बुडालेली नाही ना, हेही पाहावे.

सकाळी सेंटरवरचा माणूस आधी "आवाज येतोय म्हणजे लॉक लागलंय" म्हणाला. सौ.ने वही पुढे केली. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणत्या वळणावर पाठ पडली, सारे लिहिलेले. मग तो स्वतः त्या जागेवर बसला, दोघांनी मागून ढकलले आणि पाठ पडली. त्याने पट्टी तात्पुरती जुळवून दिली, नवी मागवावी लागेल असे सांगितले. सौ. म्हणाली, "ते जॉबकार्डावर लिहून द्या." त्याने लिहून दिले. त्या चार ओळींचे मोल पुढे कळले.

गुहागर ते जयगड

गुहागरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. व्याडेश्वराचे दर्शन घेतले. सुरूच्या बनातून समुद्र दिसला तेव्हा दोन दिवसांचा शीण उतरला. आईने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. घरगुती खाणावळीत फणसाची भाजी, आमसुलाचे सार आणि भात. दुसऱ्या दिवशी हेदवीचा दशभुज गणपती आणि वेळणेश्वर करून तवसाळला आलो. इथून फेरीबोट माणसांसह गाड्यांना घेऊन खाडी ओलांडून जयगडला सोडते आणि लांबचा वळसा वाचतो. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते.

सुट्टीचे दिवस, बोटीला रांग मोठी. रांगेत निम्म्या गाड्या आमच्यासारख्याच. माणसे सावलीला उभी राहिली आणि बोलणे आपोआप गाड्यांवर आले.

एक गृहस्थ सांगलीकडचे, दुधाचा धंदा करणारे. त्यांची गाडी सीएनजीवरची. खर्च कमी येतो म्हणून ते खूश होते, पण मागची सारी जागा टाकीने खाल्ली. त्यातून पंपावरची रांग. कोकणात येताना पुढचा पंप कुठे आहे, हे आधी विचारूनच निघावे लागते, असे ते म्हणाले. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते, तो खर्चही धरला पाहिजे.

दुसरे कोल्हापूरकडचे गुरुजी. त्यांच्या गाडीचे सरकते दार अडकत होते. शेतातल्या वाटेची माती दाराच्या पन्हळीत बसते, त्यावर कोणी तेल सोडले की माती आणखी चिकटते. त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. आधी कोरड्या ब्रशने पन्हळ साफ करायची, मग पुसायची, आणि वंगण पुस्तकात सांगितले असेल तेच, तेवढेच लावायचे.

तिसरे एक तरुण शेतकरी कमी ॲव्हरेजवर नाराज होते. कागदावर लिटरला वीस, हातात चौदा. आमचेही तेच. हा वीसचा आकडा खोटा नसतो. पण तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत, गाडी रुळांवर ठेवून ठरावीक वेगाने चालवून काढलेला असतो. तिथे घाट नसतो, टपावर वळकट्या नसतात. शिवाय २०२५ पासून देशात बहुतेक ठिकाणी पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडे उतरते. सांगलीचे गृहस्थ हसून म्हणाले, "मग तक्रार कुणाकडं करायची? आपलाच ऊस टाकीत आलाय." सगळेच हसले. इथेनॉल उसापासून होते तसे मका-तांदळापासूनही होते, पण कारखान्याच्या बिलाचा धागा आपल्या टाकीपर्यंत येतो हे खरे. गाडी इथेनॉलच्या मिश्रणाला योग्य आहे की नाही, ते मात्र पुस्तकात पाहून घ्यावे, विशेषतः जुनी गाडी घेताना.

ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना जितके लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरना भागायचे. असे तीन-चार वेळा केले म्हणजे खरा आकडा कळतो.

गणपतीपुळे, रत्नागिरी आणि परतीचा चढ

जयगडहून मालगुंडमार्गे गणपतीपुळ्याला आलो. मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव, तिथे त्यांचे स्मारक आहे. गणपतीपुळ्याला डोंगरालाच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला घालावी लागते. आई देवळात बसून राहिली, आम्ही तिच्या वाटणीची प्रदक्षिणा घातली. आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरीला पोचलो. तिथला थिबा राजवाडा मुलांना दाखवला. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि १९१६ साली तो इथेच वारला. मायभूमी काही त्याला पुन्हा दिसली नाही. आई पडवीत उभी राहून म्हणाली, "एवढा मोठा वाडा, पण घर न्हवं ते."

परत येताना साखरप्याहून आंबा घाट चढलो. भर दुपार, सात माणसे, टपावर आता आंब्याची पेटीही. गाडी तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात रडू लागली. एसी बंद केला तेव्हा कुठे दम आला. एसी इंजिनाचीच ताकद घेतो, आणि लहान इंजिनाला हे ओझे चढावर सोसत नाही. वहीत नोंद झाली: "आंबा घाट, सात माणसे, एसी बंद करावा लागला." घाटमाथ्यावर विशाळगडाकडे वाट फुटते, तिथे थांबून इंजिन निवू दिले, चहा घेतला. मलकापूर, मग कोल्हापूरला अंबाबाईचे दर्शन, आणि महामार्गाने रात्री घरी.

घरी आल्यावर

आमच्या शोरूमने नवी पट्टी मागवायला दोन वेळा "पुढच्या आठवड्यात" केले. तिसऱ्या वेळी सौ.ने वहीतल्या नोंदी उतरवून, चिपळूणच्या जॉबकार्डाची नक्कल आणि फोटो जोडून लेखी तक्रार केली, आणि पोच घेतली. आठ दिवसांत पट्टी आली, दोन्ही हूक बदलले, पैसे लागले नाहीत. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, कागदावरचे टेबलावर राहते.

याही उपर कोणी दाद दिली नाही तर काय, तेही सांगतो. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, गाडी कुठेही घेतलेली असो. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत ५ ते १० लाख असेल तर फी २०० रुपये, १० ते २० लाख असेल तर ४०० रुपये. मात्र घरच्या वापराची पांढऱ्या पाटीची गाडी वडापला लावली तर ते बेकायदा आहे, अपघातात विम्याची भरपाईही अडू शकते आणि ग्राहक म्हणून आपली बाजूही लंगडी पडते. हप्ता फेडण्यासाठी हा मोह होतो, पण तो टाळावा.

गाडी आम्हाला वाईट वाटते असे नाही. आई आता डॉक्टरांकडे न कुरकुरता येते, आणि तिने समुद्र पाहिला तो याच गाडीमुळे. पण ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. शोरूमवाले दोन माणसांना सपाट डांबरीवर चक्कर मारून आणतात आणि घरचा कर्ता पुढे बसून पसंती देतो. तसे न करता घरातल्या सर्वांना घेऊन जावे. म्हातारे माणूस कोणाच्या आधाराशिवाय चढते-उतरते का, ते पाहावे. बायकांना अगदी मागच्या बाकावर अर्धा तास बसवावे, एसी लावून. सातही जागा भरून जवळचा एखादा चढ चढून यावे. प्रत्येक पाठ हाताने ओढून पाहावी, प्रत्येक पट्टा लावून पाहावा. आणि सही करण्यापूर्वी मागच्या बाकावरच्या माणसाला विचारावे. चालवणाऱ्याला पुढचा रस्ता दिसतो. गाडी कशी आहे ते मागे बसणाऱ्याला कळते, आणि आपल्या घरांत मागे बसणारे माणूस आपणहून बोलत नाही.